मंगळवारच्या मॅडम

बीटी कपाशीलाही बोंडअळी लागली, तेव्हा बुलढाण्यातल्या नव्या कंपनीनं अळीची अंडी संपवणारे मित्रकीटक वाढवायला मला घेतलं, फक्त मंगळवारपुरतं. पूर्णवेळ तज्ज्ञ त्यांना परवडत नव्हता, माझी लेक तान्ही होती. शनिवारी ऑफिसच्या माणसांनी अमडापूरला तानाबाईंच्या शेतात या कीटकांची अंडी चिकटवलेली पहिली कार्डं कपाशीला टांगली. कीटक जगले, तरच कंपनी जगणार होती. मंगळवारी लेकीला कडेवर घेऊन पोचले, तर सगळे कार्डांवरच मरून पडलेले. “फवारलंत, मावशी?” “हाव! इचाराले तुमच्या हापिसात फोन केला, तं म्हणे मॅडम मंगळवारीच येतात. मंग कालपासून औषध मारून राह्यली कपाशीवर अन् तुमच्या कार्डाईवरबी, अळी लागू नये म्हणून. दुसऱ्याचं लेकरू आपल्यापाशी ठेवलं, तं जपा लागते ना!” लेक त्यांच्याकडे झेपावली. “थांब माय, औषधाचे हात हायेत.” त्या मागं सरकल्या. “चांगलं जपलंत, मावशी,” मी म्हणाले.