रिळाखाली

"तुम्ही पुलाच्या बरोब्बर मध्यावर आलात," ताई म्हणाली, "आणि डावीकडचा दोर तुटला."

पोस्टमननं कपाळाला हात लावला. "घातला. ताईनं कोलदांडा घातला. मी मघापासून म्हणतोय, आज गाडी फारच सुरळीत चाललीय."

"तुटला म्हणजे कितीसा तुटला?" शाळेतल्या बाईंनी चष्मा वर सरकवला.

"कितीसा म्हणजे? तो काय परकराचा दोरा आहे, थोडा उसवला म्हणायला? पूल एका अंगाला कलंडलाय. तिघंही उरलेल्या एका दोराला लोंबकळताय. खाली पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतंय. आणि तो दोर दोघांचंच वजन पेलेल."

ताईच्या शिवणाच्या दुकानातलं कापायचं टेबल दर रविवारी दुपारी असं दऱ्याखोऱ्यांचं व्हायचं. ताई गोष्ट सांगायची, हे तिघं गोष्टीतली माणसं व्हायचे, आणि केलेलं साधलं की फसलं ते फासे सांगायचे. गोष्ट सरळ निघाली, की ताई मध्येच काहीतरी आडवं घालायची. त्याशिवाय खेळाला चव नाही. पण तिचा एक नेम होता. कोंडायचं, तर कुठेतरी फट ठेवून कोंडायचं.

आजची फट समोरच होती. कागदावर खडूनं काढलेली दरी, आणि दरीच्या काठाला खडक म्हणून ठेवलेलं काळ्या दोऱ्याचं रीळ. त्या रिळाखाली तिनं खडूनंच एक साखळी रेखून ठेवली होती. कड्यात ठोकलेली, लोंबकळणाऱ्याचा हात पोचेल अशी. कुणी नुसतं विचारायचं, आजूबाजूला काय दिसतंय? की ती रीळ उचलणार होती.

हे विचारणारा तिच्या समोरच बसला होता. तिचा धाकटा भाऊ. विचारून विचारून त्याचं नावच चाचप्या पडलं होतं. एकदा तर एका साध्या खानावळीत त्यानं अर्धा तास चुलीमागे चाचपण्यात घालवला होता. तिथे काहीच नव्हतं. शेवटी ताईला त्याच्यासाठी एक मांजर ठेवावं लागलं.

आज तो लोकरीची टोपी घालून बसला होता. टोपीखाली केस नव्हते. औषधाची आणखी एक फेरी घ्यायची की इथेच थांबायचं, ते उद्या सकाळी डॉक्टरांना सांगायचं होतं. घरात कुणी विषय काढला, की तो म्हणायचा, "बघू." ताईनं विषय काढला नव्हता. तिनं पूल बांधला होता.

"मी पहिलवान आहे," पोस्टमन म्हणाला. "दोघांना पाठीवर घेतो आणि सरकतो."

"तुझंच वजन सगळ्यांत जास्त, मेल्या," बाई म्हणाल्या. "खेळात आणि बाहेरही."

त्यानं फासे टाकले. एक आणि दोन.

"दोराचा एक पीळ सुटला," ताई म्हणाली.

"चाचप्या, विचार की बाबा काहीतरी. आज दातखीळ बसली का?" पोस्टमन म्हणाला.

भाऊ कागदाकडे बघत होता. दरी, पूल, रीळ. रिळाशी त्याची नजर जरा अडखळली, असं ताईला वाटलं. तिनं आपला हात हळूच रिळाजवळ नेऊन ठेवला.

"मशाल कुणाकडे आहे?" त्यानं विचारलं.

"तुझ्याकडेच. मशालजी तू."

"मग ती बाईंना देतो. पलीकडे अंधार असेल. आणि हात सोडतो."

बाईंनी फासे त्याच्याकडे सरकवले.

"हात सोडायला फासे लागत नाहीत, बाई."

"थांब," ताई म्हणाली. "घाई नाहीये. दोर अजून टिकेल. बराच वेळ टिकेल."

"दोघांचंच वजन पेलेल. तूच म्हणालीस."

"म्हणाले."

"मग सांग ना पुढे."

गोष्ट सांगणाऱ्याला गोष्ट टाकून उठता येत नाही. ताईनं सांगितलं. दोर हलका झाला. पूल सावरला. मशाल पलीकडच्या काठाला लागली. खालून वेगळा आवाज काही आला नाही. पाण्याचा होता, तेवढाच राहिला.

"काय खेळलास रे," म्हणत पोस्टमननं त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उगारला. मग तो हात त्यानं नुसताच ठेवला, आणि लवकर काढून घेतला. बाईंनी पर्स उचलली. पुढच्या रविवारी मीच लवकर येते, म्हणाल्या, आणि कुणाकडेही न बघता पायऱ्या उतरल्या.

दोघंच उरली. भाऊ पसारा आवरू लागला. फासे बटणांच्या डबीत टाकले. मग त्यानं रीळ उचललं.

खाली इवलीशी साखळी होती. एकेक कडी वेगळी काढलेली. टाके मोजावेत तशी मोजून घ्यावी.

ताई पाठमोरी होती. कात्री खुंटीला अडकवता अडकवता तिचा हात तिथेच राहिला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "वाट ठेवल्याशिवाय तू कधी कुणाला अडवलंयस?"

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं, तर चढावं लागलं असतं, ताई."

त्यानं रीळ पुन्हा होतं तिथे ठेवलं. शेवटची कडी बाहेर दिसत होती. बोटानं रीळ जरासं सरकवून त्यानं तीही झाकली.