बासष्टावी फाइल

बासष्टाव्या फाइलचं उत्तर पडद्यावर आलं. औषध लागू पडण्याची शक्यता, शंभरात अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरबाईंनी आकडे पुन्हा भरले. उत्तर तेच आलं.

यकृताच्या कॅन्सरवरचं औषध कोणाला लागू पडेल, हे आधीच ताडणारी ही पद्धत त्यांनी तीन वर्षं खपून बसवली होती. आता जुन्या रोग्यांच्या फाइलींवर ती पडताळणं चाललं होतं. बासष्टावी फाइल एका बस ड्रायव्हरची होती. चार वर्षांपूर्वी त्याचं स्कॅन बघून बाईंनीच सांगितलं होतं, "औषधाचा उपयोग नाही. घरी न्या." अडीच महिन्यांत तो गेला.

त्याची बायको याच इस्पितळात कपडे धुण्याच्या विभागात होती. फाइल वापरायला तिनेच सही दिली होती. इस्त्रीचे कोट घेऊन ती दारात उभी राहिली.

"आमच्या माणसाचं बघितलंत का हो?"

"बघितलं."

"मग? लागू पडलं असतं?"

बाईंनी पडदा हळूच आपल्याकडे वळवला. खरं सांगितलं म्हणून गेलेला माणूस थोडाच परत येणार होता?

"नाही," त्या म्हणाल्या. "नसतं पडलं."

कोट मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसली. मग मनगटाने डोळे पुसत म्हणाली, "सुटले बाई. चार वर्षं मन खात होतं. वाटायचं, तेव्हा तुमच्याशी भांडायला हवं होतं मी."

बाईंनाही हायसं वाटलं. खोट्याने का होईना, एक ओझं उतरलं होतं.

ती उठली. कोट खुंटीला लावले आणि पिशवीतून फोन काढला.

"बरं झालं विचारलं. माझ्या धाकट्या भावाला हेच दुखणं निघालंय. दुसऱ्या दवाखान्यात उद्यापासून हेच औषध सुरू करणार आहेत. तो माझ्या शब्दाबाहेर नाही. सांगते त्याला, नको म्हणून. तुझ्या मेहुण्यालाही लागू पडणार नव्हतं म्हणावं. कशाला उगाच जिवाचे हाल?"

पलीकडे घंटी वाजू लागली. बाईंनी पुढे होऊन तिच्या हातातला फोन घेतला आणि बंद केला.

"लागू पडलं असतं त्यांना," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी चुकले होते, आणि आत्ता खोटं बोलले."