पलीकडची खोली

जोविटाने लाल देशाचा ताबा घेतला आणि आधी चहा मागवला. घाई कशाला? या दिवसाची वाट बघत ती दोन वर्षं घरी बसलेली.

कोलशेतच्या याच ऑफिसात तिने वाद घातलेला. शत्रूचं क्षेपणास्त्र आलं की नाही ते यंत्राने सांगावं, पण अणुबॉम्बच्या बटणावर बोट माणसाचंच हवं. माणूस कचरतो, आणि त्या कचरण्यावरच जग टिकलंय. प्रफुल्लला मात्र स्वतःच उत्तर देणारं यंत्र विकायचं होतं. त्याने तिला काढलं, वर बाईंना आता झेपत नाही म्हणून सगळीकडे सांगत सुटला.

आणि गेल्या आठवड्यात त्याचाच फोन. दिल्लीहून दोन साहेब येतायत, कॉम्प्युटरवर लुटुपुटूचं युद्ध आहे. पलीकडच्या खोलीतून आमचं यंत्र निळा देश सांभाळेल. समोरच्या लाल देशासाठी तुझ्याइतकं खवट कोणी मिळेना. जोविटा गोड हसून हो म्हणाली.

दोन्ही साहेब यंत्राकडे जायचं सोडून तिच्याच मागे खुर्च्या टाकून बसले. बरंच झालं, प्रफुल्लची फजिती जवळून दिसेल.

तिने आधी नकली ड्रोनचा थवा सोडला. निळ्या देशाला ती क्षेपणास्त्रंच वाटणार, यंत्र बिथरून बटण दाबणार. निळा देश गप्प. मग तिने त्यांचे उपग्रह आंधळे केले. तरी गप्प.

टेबलावरचा फोन वाजला. दोन देशांनी भांडण मिटवायला ठेवलेला. तिने तो वाजू दिला. पुन्हा वाजला.

"मॅडम, बोलून तर बघा," एक साहेब म्हणाले.

"बोलायची वेळ होती तेव्हा मला कोणी विचारलं नाही, साहेब."

खोट्याला फसत नाही काय? मग खऱ्याला तरी उत्तर द्यावंच लागेल. नाही दिलं, तर असल्या यंत्राला कोणता शत्रू भिणार? कसंही झालं तरी मरणार प्रफुल्लच.

तिने जराही न कचरता अणुबॉम्बचं बटण दाबलं. पडद्यावरची निळी शहरं एकेक करून विझली. उत्तर आलं नाही.

"संपलं प्रफुल्लचं यंत्र," ती मागे वळून म्हणाली. कित्येक दिवसांनी तिला इतकं हलकं वाटलं.

प्रफुल्ल दारात उभा होता, हातात फोन. त्याने तिच्याकडे बघितलंच नाही.

"ठरल्याप्रमाणे पलीकडे यंत्र नव्हतंच, साहेब," तो म्हणाला. "खोली रिकामी आहे. फोन मीच लावत होतो. परीक्षा माणसाची होती."