पंख्यावरची पट्टी

"बजेट सांगा ताई, मग ग्राफिक्स कार्ड दाखवतो," दुकानदार म्हणाला. "आधी अंथरूण, मग पाय."

"पंधरा हजार. त्याच्यावर एक पैसा नाही."

त्या पंधरांतले तेरा तिचे होते आणि दोन नवऱ्याचे. नवरा आठ महिने घरी बसून होता, तरी आज सकाळी त्याने दोन हजार आणून तिच्या हातावर ठेवले. "असू दे, माझेही थोडे," म्हणाला. तिला भरून आलं होतं. आता तोच नवरा दुकानाच्या पायरीवर पाठमोरा उभा होता, फोन कानाला लावून. या दुकानात यायला तो मुळी तयारच नव्हता. "लुटारू आहे तो," असं बसमध्ये दोनदा सांगून झालं होतं. पण बाकीची तीन दुकानं पालथी घातली आणि पंधरात कुठेच काही बसेना, तेव्हा तिने त्याला जवळजवळ ओढतच इथे आणलं.

ती न बांधलेल्या घरांची चित्रं करायची. बिल्डर नकाशे पाठवायचा आणि ती कॉम्प्युटरवर त्यात भिंती, पडदे, खिडकीतून येणारं ऊन भरायची. सोमवारपर्यंत बारा फ्लॅट द्यायचे होते. ग्राफिक्स कार्डाशिवाय एकेका चित्राला अकरा तास लागत होते. सोमवार चुकला तर काम दुसऱ्याकडे जाईल, हे बिल्डरने फोनवर फार गोड आवाजात सांगितलं होतं. आणि घरात येणारा पैसा तेवढाच होता.

मागच्या आठवड्यात ती दोन दिवस आईकडे गेली काय आणि कार्ड जळालं काय! वीज वरखाली झाली, नवरा म्हणाला. रिपेअरवाल्याने बघून भंगार ठरवलं, म्हणून तो तिथेच टाकून आला. तिला हळहळ वाटली. त्याहून जास्त, बिचाऱ्याने आपल्यामागे एवढी धावपळ केली याचं कौतुक वाटलं.

तिचं काम काय ते ऐकून दुकानदाराने दोन खोके काउंटरवर ठेवले.

"हे पंधरात बसतं, पण मेमरी कमी. तुमची घरं यात मावायची नाहीत. आणि हे एकवीसला. याला पॉवर सप्लाय मोठा लागेल, तो वेगळा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." तो स्वतःच हसला. "जुनं चालेल?"

"धड असेल तर चालेल."

त्याने खालच्या कप्प्यातून एक कार्ड काढलं, टेबलावरच्या उघड्या कॉम्प्युटरला जोडलं. स्क्रीन लागली. पंखे आवाज न करता फिरू लागले.

"पाच दिवसांपूर्वी आलंय. चौदा हजार, सात दिवसांची गॅरंटी. दगडापेक्षा वीट मऊ, ताई." त्याने कार्ड काढून तिच्यापुढे उलटं धरलं.

डावीकडच्या पंख्याच्या मधोमध जखमेला लावायची पट्टी होती. छोटी, गोल कापलेली, एका बाजूला कात्री घसरून सरळ झालेली.

मार्चमध्ये हा पंखा कुरकुरायला लागला होता. नवीन पंखा यायला आठवडा लागणार होता आणि तिला एक दिवसही परवडत नव्हता. तिने मधलं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आत सोडला. तेलामुळे स्टिकर परत चिकटेना, म्हणून औषधाच्या डब्यातली पट्टी कापून लावली. कॉम्प्युटरच्या डब्यात कार्डाचे पंखे खाली तोंड करून असतात. तिथे कोण बघायला जातंय?

"ती पट्टी काढून देतो," दुकानदाराने नख पुढे केलं. "कुणा येड्याने चिकटवलीय कोण जाणे."

"राहू द्या." तिने कार्ड त्याच्या हातातून घेतलं. "कोणी विकलं हे तुम्हाला?"

"मालाचं विचारा ताई, मालकाचं नको." पण बोलता बोलता त्याची नजर पायरीकडे गेली आणि चटकन परत आली.

हे माझंच आहे, असं ओरडावं असं तिला वाटलं. पण ओरडून काय झालं असतं? चोर म्हणून बोट दाखवायचं ते कुणाकडे? आणि सोमवार तर पुढे सरकणार नव्हता. तिने चौदा हजार मोजून दिले. नवऱ्याचे दोन सगळ्यात वर होते.

ती बाहेर आली तसा त्याने फोन खिशात टाकला.

"मिळालं? बरं झालं बाई!" त्याला खरंच बरं वाटलेलं दिसत होतं.

तिने कार्ड पिशवीत घातलं नव्हतं. पंखे वर करून त्याच्यापुढे धरलं.

"हे काय? ही पट्टी कसली?"

"मी लावलेली. मार्चमध्ये."

तो पट्टीकडे बघत राहिला. तिची नजर त्याच्या पायातल्या नव्या बुटांवर गेली. मुलाखतीसाठी मित्राने दिले, असं म्हणाला होता. ती थांबली. त्याने काहीही सांगितलं असतं, अगदी धडधडीत खोटं, तरी या घटकेला ती ते खरं मानून घरी गेली असती. फक्त त्याने काहीतरी बोलायला हवं होतं.

"केवढ्याला दिलं त्याने?" त्याने विचारलं.

"चौदा."

"चौदा!" त्याने वळून दुकानाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. "लुटारू आहे म्हणून सांगत होतो ना मी! मला साडेसातच टेकवले."