‘फल’ला ‘फड़’

“पापा आज भी नहीं आए?” प्रतिमाजींनी विचारलं आणि विभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राग प्रतिमाजींवर नव्हता. त्या लखनौच्या, इथे जयपूरला दुर्गापुऱ्यात मुलांना स्पीच थेरपी देणाऱ्या. आईबाप दोघांनी मुलाजवळ बसायचं, हा त्यांचा नियमच होता. राग होता नवऱ्यावर. सात महिन्यांत श्रीपाद एकदाही हा जिना चढला नव्हता. फी दिली म्हणजे बापाचं काम संपलं, अशी त्याची समजूत!

समोर पाच वर्षांचा अमेय आरशात बघून जीभ वरच्या दातांमागे टेकवत होता.

“फल. नल. थाली. काला.”

“शाबास!” प्रतिमाजी म्हणाल्या. अमेय हसला नाही. त्याने आधी आईकडे बघितलं.

हे सगळं सुरू झालं बालवाडीच्या बाईंच्या एका चिठ्ठीने. ‘फल को फड़ बोलता है, नल को नड़. इलाज करवाइए, वरना पहली में नहीं ले पाएँगे.’ वर्गातली पोरं त्याला ‘फड़फड़’ म्हणून चिडवायची. एवढं बडबडं पोर, पण शाळेत तोंड उघडेनासं झालं.

मग धावपळ कुणी केली? विभाने. झोटवाड्याहून दोन बस बदलून, उन्हातान्हात पोराला कडेवर घेऊन. पहिल्या दिवशी फॉर्मवर ‘घर की भाषा’ असं होतं, तिथे तिने ‘हिंदी’ लिहून टाकलं. उगाच फाटे कशाला फोडा? आणि लिहिलंच आहे तर म्हणून घरातही त्याच्याशी हिंदीच सुरू केली. दोन-दोन भाषांनी आधीच पोराच्या जिभेचा गुंता झालेला.

तिला विचाराल तर मूळ दोष सासूबाईंचा. विभा नोकरीला जायची तेव्हा, पहिली चार वर्षं, अमेय प्रभावतीबाईंच्याच मांडीवर वाढला. “माझं बाळ ते, माझं बाळ ते” करत त्यांनी त्याला लाडावून बोबडं करून ठेवलं, आणि गुडघे धरले तशा सांगलीला निघून गेल्या. निस्तरायचं कुणी? पुन्हा विभानेच. तिने नोकरी सोडली. आजीचा दर रविवारचा फोन यायचा, तोही अमेयला देणं बंद केलं. सहा दिवस घासून घासून जीभ वळणावर आणायची आणि सातव्या दिवशी आजीने त्यावर पाणी ओतायचं, हे नाही चालणार!

त्या दिवशी श्रीपाद सीकरच्या शाखेची तपासणी आटोपून घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती.

“शनिवारी शेवटचा दिवस आहे. येणार आहात का? की हेही सगलं मीच करायचं?”

“चिडलीस की तुझी मराठी माहेरी जाते हं,” श्रीपाद बूट काढता काढता हसला. तिचं माहेर इथलंच, शास्त्री नगरातलं. जन्मही जयपूरचाच.

“हसा! लोकांचे बाप पोरांना खांद्यावर बसवून आणतात तिथे.”

“अगं, पण त्याला झालं होतं काय एवढं? मला तर त्याचं बोलणं नीट समजायचं.”

समजायचं म्हणे! सकाळी आठला बाहेर पडायचं, पोर झोपल्यावर घरी यायचं, उरलेला वेळ पेपरात डोकं. कानावर शब्द पडायला माणूस घरात तर हवा!

“शनिवारी आला नाहीत ना,” विभाने बोट रोखलं, “तर शालेच्या फॉर्मवर मी बापाचं नाव लिहिणार नाही. सांगून ठेवते.”

हे मात्र त्याला लागलं. शनिवारी तो आला. हेल्मेट मांडीवर घेऊन, लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर अवघडून बसला.

प्रतिमाजी एकेक चित्र दाखवत गेल्या. अमेय एकेक शब्द म्हणत गेला. फल. नल. थाली. काला. एकदाही जीभ घसरली नाही. प्रतिमाजींनी टाळ्या वाजवल्या. “अब आराम से पहली में जाएगा!”

विभाला रडूच फुटलं. सात महिने एकटीने ओढलेला गाडा अखेर घाट चढून आला होता. तिने श्रीपादकडे असं पाहिलं की त्याची मान खाली गेली.

“चुकलंच माझं,” तो पुटपुटला. “आधी यायला हवं होतं.”

“पहले दिन कैसे बोलता था, पापा को सुनाऊँ?” प्रतिमाजींनी कपाटातून कॅसेट काढून टेपमध्ये घातली.

थोडी खरखर झाली. मग त्यांचाच आवाज आला, “ये क्या है, बेटा?”

आणि अमेयचा खणखणीत आवाज, “फळ!”

“और ये?”

“नळ!”

“और ये?”

“थाळी! काळी थाळी!”

“ऐकलंत?” विभा डोळे पुसत म्हणाली. “फड़, नड़, थाड़ी. अस्संच बोलायचा!”

कॅसेट संपेपर्यंत श्रीपाद टेपकडे बघत राहिला. मग हेल्मेट जमिनीवर ठेवून त्याने अमेयला जवळ ओढलं.

“अमेय, सांगलीची आजी तुला काय म्हणायची रे?”

अमेयने आईकडे पाहिलं. जीभ वरच्या दातांमागे नीट टेकवली, आणि अगदी शिकवलं होतं तसं, स्पष्ट म्हणाला,

“बाल.”