चार बोटं जाड थर

झाडाच्या सालीच्या चुऱ्याची दोन पोती महिनाभर कुंपणाशी पडून होती. "खाली ओला पेपर अंथरा, वर चार बोटं जाड चुरा पसरा, मग तण डोकं वर काढत नाही," नर्सरीवाल्याने सांगितलं होतं. बायको रोज कानीकपाळी ओरडायची, पण निवृत्त पोस्टमन काही जागचे हलायचे नाहीत.

आज मात्र चहाही न घेता ते उजाडताच गुलाबाच्या वाफ्यात गुडघे टेकून बसले. रद्दीचा गठ्ठा शेजारीच होता, तरी त्यांनी सगळ्यात आधी आजचा पेपर भिजवला. मुलाचा फोन तीन दिवस लागत नव्हता, आणि पहिल्या पानावर, खाणीच्या अपघातात दगावलेल्यांच्या यादीत तिसरं नाव त्याचंच होतं. बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. ते पान त्यांनी पालथं अंथरलं आणि ओंजळी भरभरून त्यावर चुरा टाकत राहिले.

"अहो, आजचा पेपर आला नाही का?" बायकोने मागून विचारलं.

"नाही. पेपरवाल्यांचा संप आहे म्हणे," ते मान वर न करता म्हणाले.

ती पायरीवर टेकली. तिने एक घडी केलेला पेपर त्यांच्यापुढे धरला. नळाखाली भिजवूनच आणला होता.



"हा शेजारचा. हाही खाली घाला, सूनबाई उठायच्या आत. नववा लागलाय पोरीला."