पुढचा पाय

"सत्तावन्न किलो ना?" मिहिरने एलेनकडे न बघताच विचारलं आणि भिंतीवरची एक वॉटर-स्की खाली काढली.

रोनाल्डचे कान टवकारले. आपल्या मुलीचं वजन आपल्याला ठाऊक नाही, ते मरोळच्या या दुकानदाराला कसं ठाऊक?

"फोनवर सांगितलं होतं मी," एलेन म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

कांजूर गावातून रिक्षाने इथे यायला पाऊण तास लागला होता. वाटेत ती फारसं बोलली नव्हती. "तू चल, डॅडी. फळी सरळ की वाकडी हे तुला कळतं, मला नाही," एवढंच सकाळी म्हणाली. रोनाल्डने चाळीस वर्षं होड्या दुरुस्त केल्या होत्या, तेव्हा बोलणं खोटं नव्हतं. पण ही स्की लाकडाची नव्हतीच, कार्बनची होती. मग आपल्याला कशाला आणलं?

काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेत तो स्टुलावर टेकला.

त्याला एकच गोष्ट नक्की कळत होती. स्की घेतली की पोरगी जाणार. तिची कोच संघमित्रा केरळमधल्या एका तलावावर दोन वर्षांचं शिबिर घेणार होती. तसं ते तीन वर्षांपूर्वीही घेतलं होतं. तेव्हा यादीत एलेनचं नाव आलं आणि त्याच आठवड्यात रोनाल्ड मनोरीच्या जेटीवर घसरला. बायकोला, हिल्डाला, जाऊन वर्षही झालं नव्हतं. रोनाल्डचा उजवा पाय दुखावला. मग काठी, तेल, शेक. एलेनने कोचला नाही म्हणून कळवलं. आता नवी यादी लागली होती आणि तिच्यातही तिचं नाव होतं.

"ही सहासष्ट इंची," मिहिर सांगत होता. "अंकल, या खेळात स्की एकच. दोन्ही पाय तिच्यावर, एकामागे एक. बोट दोरीने ओढते आणि आपण पाण्यावर तरंगणाऱ्या सहा बोयांना वळसे घालत जायचं. वळताना पाण्याला चावते ती स्की चांगली."

"चावणारं पाहिजे तर पवईच्या तळ्यात जा म्हणावं. मगरी आहेत तिथे."

एलेन हसली. जरा लवकरच हसली, असं त्याला वाटलं.

तिने स्की घ्यायला हात पुढे केला तेव्हा तळव्यांवर घट्टे दिसले. ताजे, लालसर.

"हे काय गं बाय?"

"बादल्या उचलते ना घरात."

बादल्या तर ती तीन वर्षं उचलत होती. घट्टे याच महिन्यात कसे आले? आणि रविवारी चर्चमधल्या मिसाहून परतताना केस ओले असतात ते कसे? त्याने मिहिरकडे निरखून पाहिलं. तिशीचा असेल. बोटात अंगठी नव्हती.

"लांब आहे ही," रोनाल्ड म्हणाला.

"बरं," एलेन म्हणाली.

मिहिरने दुसरी काढली. रोनाल्डने ती स्टुलावरूनच दाबून पाहिली. "ही फार कडक. वाकतच नाही."

"शर्यतीची अशीच असते, अंकल. मऊ घेतली तर वेगात थरथरते."

"थरथरू दे. मला नाही पटत."

"बरं," एलेन पुन्हा म्हणाली.

आता मात्र तो अस्वस्थ झाला. जी मुलगी पापलेटवालीशी दहा रुपयांसाठी अर्धा तास भांडते, ती इथे सगळं ऐकून घेत होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"पुढचा पाय कसा ठरवता तुम्ही?" एलेनने मिहिरला विचारलं. "सांगा ना डॅडीला."

"विचारून उपयोग नसतो, अंकल. विचारलं की माणूस विचार करतो आणि चुकीचा पाय सांगतो. मग आम्ही काय करतो, त्याला न सांगता मागून एक धक्का देतो. तोल जाताना जो पाय आपोआप पुढे पडतो, तो पुढचा. शरीर खोटं बोलत नाही."

म्हणजे हा हिच्या पाठीला हात लावणार! रोनाल्ड काठी टेकत उठलाच. "ए, ते धक्काबिक्का काही नको. माझ्यासमोर तर नाहीच."

"राहू दे, राहू दे," एलेन घाईने म्हणाली. तिने कोपऱ्यातली तिसरी स्की आणून त्याच्यासमोर धरली. "ही एकच बघ, डॅडी. मला शेपटाकडे वाकडी वाटते."

वाकडी म्हटल्यावर त्याला राहवेना. त्याने काठी काउंटरला टेकवून ठेवली, स्की दोन्ही हातांनी उचलून डोळ्याशी नेली, एक डोळा मिटला आणि होडीच्या फळीवरून बघायचा तशी टोकापासून शेपटापर्यंत नजर फिरवली. कुठे पीळ नव्हता, कुठे बाक नव्हता. खोट काढायला जागाच नव्हती. तरी तो शोधत राहिला.

मागून दोन खरखरीत तळवे त्याच्या पाठीवर आदळले.

उजवा पाय झटकन पुढे गेला, फरशीवर भक्कम टेकला, गुडघ्यात वाकला आणि त्याने रोनाल्डचा सगळा भार स्कीसकट तोलून धरला. स्कीचं टोक जमिनीला लागलंसुद्धा नाही.

काठी काउंटरला टेकून होती.

मिहिर मागच्या खोलीत निघून गेला. रोनाल्डने पाय हळूच मागे घेतला. मग तो लंगडवायला हवा होता हे त्याच्या लक्षात आलं. लेकीकडे वळून बघायचं धैर्य त्याला झालं नाही.

"घे," तो स्कीकडे बघत म्हणाला. "तुला पाहिजे ती घे, बाय."

एलेनने त्याच्या हातातून स्की घेतली आणि कोपऱ्यात परत ठेवून दिली.

"माझी मी मागच्याच महिन्यात घेतली, डॅडी," ती म्हणाली. "आज फक्त तुझा पाय बघायचा होता."